वही मिटल्यावर

आमच्या वाडीवर बायका एकत्र येतात त्या कारणानेच: हळदीकुंकू, बारसं, लग्नाचे पापड, बचत गटाचा हप्ता. नुसतं भेटायला म्हणून कुणी येत नाही, आणि भांगलणीच्या दिवसांत ते शक्यही नसतं. अशा वेळी मला हायस्कूलचं गाईड पथक फार आठवतं. १९११ साली जबलपूरला सुरू झालेली गाईडची चळवळ १९५१ मध्ये भारत स्काउट्स आणि गाईड्समध्ये सामील झाली, हे बाईंनी पाठ करून घेतलेलं. आम्हाला ओढ असायची ती शनिवारच्या दुपारची. डाव्या हाताने हस्तांदोलन करायचं, दोराच्या गाठी मारायच्या, तीन दगडांच्या चुलीवरची अर्धीकच्ची खिचडी चवीनं खायची, बावीस फेब्रुवारीला चिंतन दिन पाळायचा. आणि मधेच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा कोपऱ्यात, पोटभर बोलायचं. आपण कुणाची मुलगी, कुणाची बहीण, हे तेवढा वेळ बाजूला राहायचं. पुढे लग्नं झाली, ज्या त्या आपापल्या गावी गेल्या. मुलांच्या तालमी आणि मंडळं त्यांच्या म्हातारपणापर्यंत टिकतात. मुलींचा कंपू मात्र शाळेच्या दाखल्याबरोबर संपतो, आणि हा मला आजही अन्याय वाटतो. बचत गटाने आमच्या हाती पैसा दिला, त्याचं मोल मोठंच आहे. तरी हल्ली वही मिटल्यावर मी सगळ्यांना आणखी तासभर बसवून घेते. परवा शेजारच्या काकूंनी सांगितलं की शाळेत असताना त्या लंगडीच्या संघातून जिल्ह्याला खेळल्या होत्या. त्यांच्या सुनेलाही ते ठाऊक नव्हतं.