रिकामी भिंत आणि एक फळी

दुकानात एखादी भिंत रिकामी दिसली की आपल्याकडे माणसाला तिथे मांडणी ठोकावीशी वाटते. झेरॉक्सवाला पेनं ठेवतो, सलूनवाला शांपू ठेवतो... चालायचंच. पण कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालून केस कापून देणाऱ्या दुकानात, म्हणजे हल्लीच्या भाषेत ग्रूमिंगच्या दुकानात, विकायचा माल ठेवावा का? माझं उत्तर : ठेवावा, पण एकच फळी.

विषय निघाला कारण माझ्या एका मैत्रिणीचं पुण्यात असं दुकान आहे. एक टब, एक टेबल, एक ब्लोअर आणि हाताखाली एक मुलगा. गाठीला दीड लाख रुपये जमलेत. त्यातून दुसरं टेबल आणि ब्लोअर घ्यावा, की खाद्य, पट्टे, खेळणी असा माल भरावा, हा तिचा प्रश्न. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला काही विचारलं की मी आधी एक्सेल उघडतो :-)

तर हिशेब बघा. आकडे उदाहरणादाखल धरलेत, आपापले घालून बघावेत. खाद्याचं १० किलोचं पोतं, छापील किंमत ४००० रुपये. दुकानदाराला १५ टक्के सुटतात असं धरू, म्हणजे ६००. पण गिऱ्हाईक तेच पोतं मोबाइलवर १० टक्के कमी भावात बघून आलेलं असतं. तेवढे सोडले की उरले २००. त्यासाठी ३४०० रुपये अडकले, पोत्यानं जागा अडवली ती वेगळीच. आता ५०० रुपयांचा ब्रश घ्या. त्यावर ४० टक्के सुटले तर तेही २००च! पण अडकले फक्त ३००, जागा तळहाताएवढी, आणि ब्रशला एक्सपायरी नसते.

बरं, भाव वाढवून भरपाई करावी म्हटलं तर तेही नाही. एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही, २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम तसेच आहेत. म्हणजे भावाला वर छत आहे, खाली मात्र तळ नाही. त्यात डिस्ट्रिब्युटर स्कीम घेऊन येतो, दहावर एक फुकट. ते अकरावं पोतं तारीख जवळ येईपर्यंत कोपऱ्यात बसून राहतं. मग ते फोडून सुटं विकायचा मोह होतो. पण हवा लागली की खाद्यातली चरबी खवट होते, आणि बॅच नंबर आणि तारीख रिकाम्या पोत्यावरच राहून जाते. कोड काय किंवा माल काय, जितका जास्त तितकं सांभाळणं जास्त.

पण खरा मुद्दा पैशाचा नाहीच. ग्रूमरचा हात कुत्र्याच्या अंगावरून तासभर फिरत असतो. कानामागची खाज, काखेतल्या जटा, शेपटीजवळचा लाल चट्टा हे घरच्यांच्या आधी तिला दिसतं. तेव्हा ती "हे डॉक्टरांना दाखवा" म्हणते आणि लोक ऐकतात. का ऐकतात? कारण त्यात तिला एक पैसा मिळत नाही! उद्या पाठीमागच्या फळीवर साडेसहाशेचा औषधी शांपू असेल, महिन्याचं भाडं थकलं असेल, तर हेच वाक्य तोंडातून तितक्या सहज निघेल का? निघालं तरी समोरचा ते तसंच ऐकेल का?

आणि ही नुसती तत्त्वाची बाब नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरांना विषारी. झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ज्याच्या घरी दोन्ही प्राणी आहेत त्यानं गडबडीत "एक द्या हो" म्हटलं आणि दुकानातल्या मुलानं काढून दिलं, तर? जंताच्या गोळ्यांसारखी औषधं विकायला तर १९४० च्या औषध कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. त्या वाटेला जाऊच नये.

आता याला दुसरी बाजू आहे, नाही असं नाही. शेजारच्या आजींना मोबाइलवरून मागवता येत नाही, त्यांना पट्टा हातात घेऊन बघायचा असतो. त्यांच्यासाठी नाव लिहून घ्यावं आणि मागवून द्यावं. वहीत लिहिलेली ऑर्डर खराब होत नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, "अगं, जे तू स्वतः टेबलावर रोज वापरतेस तेवढंच विक." जटा सोडवायचा ब्रश, कंगवा, नखं कापायची कात्री, कुत्र्यांचा साधा शांपू. माणसांचा शांपू कुत्र्याच्या कातडीला मानवत नाही, हे सांगताना बाटली समोर असलेली बरी. ब्रश कसा फिरवायचा ते त्याच्याच कुत्र्यावर दाखवता येतं, हे मोबाइलवर मिळत नाही. आणि घरी नीट विंचरलेला कुत्रा पुढच्या वेळी कमी वेळात होतो, कमी ओरडतो.

बाकीचे पैसे दुसऱ्या टेबलात घालावेत, पण शनिवार-रविवारी खरोखरच गिऱ्हाईक परत जात असेल तर. ते महिनाभर वहीत मोजावं आणि मग ठरवावं. भिंत तोवर रिकामी राहिली तर राहू दे, तिचं भाडं काही वेगळं पडत नाही.