गौरी जेवल्या, घरची लक्ष्मी उपाशी!

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा गौरींचे आवाहन होते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. मराठवाडा-विदर्भात यांनाच आपण महालक्ष्मी म्हणतो. तीन दिवसांसाठी माहेरी आलेली लेक, हे या सणाचे भावरूप. माहेरवाशिणीला काही काम करू द्यायचे नाही, तिला आवडीचे करून घालायचे, पाटावर बसवून आग्रहाने वाढायचे, हा त्यातील संस्कार. मात्र ज्या घरात या पाहुण्या लेकीचे एवढे कौतुक होते, त्याच घरातील सुनेची त्या दिवशी काय अवस्था असते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या परंपरेने थोरल्या भावाकडे असतात. काही वर्षांपूर्वी पूजनाच्या दिवशी चाळीस पाने होती. वहिनी पहाटे तीनला उठलेल्या. तिसरी पंगत उठली तेव्हा चार वाजून गेले होते आणि दाराशी हळदीकुंकवाच्या बायका येऊ लागल्या होत्या. सायंकाळी स्वयंपाकघरात त्यांना भोवळ आली. तेव्हा कळले, सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पुरणाचे आणि भाताचे काय करायचे, याची चिंता वेगळीच. दहीभाताचा नैवेद्य दाखवून विसर्जन झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, ''पुढच्या वर्षापासून मला हे जमेल असे वाटत नाही.''

त्या वाक्याने घर हादरले. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला कुळाचार आपल्या डोळ्यांदेखत थांबणार की काय? सुरुवातीला कुणी म्हणाले, आजकालच्या सुनांना झेपत नाही. आमच्या आईने शंभर पाने वाढली. हे खरे होते, पण अर्धेच. आईच्या हाताखाली दोन जावा, एक आत्या, शेजारच्या काकू आणि आम्ही पोरे होतो. ते शंभर पानांचे ओझे सहा-सात जणींच्या खांद्यावर होते. एकत्र कुटुंब विभागले, माणसे चार शहरांत पांगली. पानांची संख्या आणि पदार्थांची यादी मात्र तशीच राहिली. परंपरा जड झाली नव्हती, तिला उचलणारे हात कमी झाले होते.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला सर्व भावंडे एकत्र आली आणि आधीच्या वर्षीच्या हिशेबाची वही उघडली गेली. तेव्हा जे दिसले ते प्रत्येक घराने एकदा पाहावे असे आहे. डाळ, गूळ, तांदूळ, तूप, भाज्या यांवरचा खर्च निम्म्याहूनही कमी होता. उरलेले पैसे गेले होते सजावटीत, हळदीकुंकवाच्या वाणात, मिठाईच्या खोक्यांत आणि एकदा वापरून फेकायच्या ताट-वाट्यांत. म्हणजे खर्च देवीसाठी झालाच नव्हता, तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी झाला होता. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याकडचे जुने शहाणपण. दिखाव्याला अंत नसतो. भक्तीला मात्र मूठभर फुलेही पुरतात. देव भावाचा भुकेला, हे आपण तोंडाने म्हणतो आणि वाणसामानाच्या यादीत विसरतो.

वस्तुतः आपला पारंपरिक नैवेद्य मुळातच काटकसरीचा आहे. सोळा भाज्या म्हणजे सोळा पातेली नव्हेत. प्रत्येकी मूठभर घेऊन त्यांची मिळून एकच भाजी करायची असते. पुरणासाठी शिजविलेल्या डाळीचे पाणी फेकायचे नसते; त्याचीच कटाची आमटी होते. आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची, म्हणजे गरिबाच्याही घरात असलेल्या वस्तूंची. पान वाढण्याची रीतही पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ही चवीपुरती, उजवीकडे भाजी-आमटी पोटभर. ज्यांनी ही रीत बसविली, त्यांना वैविध्य आणि उधळपट्टी यांतील भेद ठाऊक होता. पाच मिठाया, दोन सरबते आणि पनीरची भाजी या यादीत घुसविली ती आपण.

म्हणून आम्ही यादीचे तीन भाग केले : कुळाचाराचे काय, सवयीचे काय आणि दिखाव्याचे काय. पहिल्याला हात लावायचा नाही, दुसऱ्यावर विचार करायचा, तिसरे सरळ काढून टाकायचे. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, अळूवडी, वरणभात आणि खीर राहिली. विकतची मिठाई गेली. पाने चाळीसवरून वीस केली. उरलेल्या आप्तेष्टांना सायंकाळी दर्शनाला आणि प्रसादाला बोलावले. कुणीही रागावले नाही. वीस पानांना माणशी दोन पोळ्या धरल्या, तर सव्वा किलो हरभरा डाळ आणि तेवढाच गूळ नैवेद्यासह पुरतो. तांदूळ दीड किलो. आधी मोजले की नंतर फेकावे लागत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. पूजन नक्षत्रावर ठरत असल्याने ते कोणत्याही वारी येते. तेव्हा पंचांग पाहून रजा आधीच मांडून ठेवावी. तीळ-जवसाच्या कोरड्या चटण्या, वेलची-जायफळाची पूड, किसलेला गूळ, घासलेली पितळी भांडी ही कामे आठ दिवस आधी होतात. आवाहनाच्या सायंकाळी पुरण शिजवून-वाटून ठेवावे, अळूचे उंडे वाफवावेत, भाज्या चिरून घ्याव्यात. सकाळी उरते ती आमटी, भाजी, भात, तळण आणि पोळ्या. एकीने लाटायच्या, दुसरीने भाजायच्या आणि दोन तवे ठेवायचे, म्हणजे चाळीस पोळ्या तासा-सव्वातासात होतात.

येथे सोवळ्याचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरी सोवळे पाळतात, तेथे नैवेद्यापुरता स्वयंपाक त्याच सकाळी, सोवळ्यात, थोड्या प्रमाणात करावा. पंगतीचा आदल्या दिवशीच्या तयारीवर करावा. देवीचे पान शास्त्रोक्त राहते आणि माणसांची पाने वेळेवर वाढली जातात. त्या वर्षी आमच्या ऐंशी वर्षांच्या काकूंनीच हा मार्ग सुचविला. जुनी माणसे अडवतात, असे आपण गृहीत धरतो. विचारले तर पुष्कळदा तीच वाट दाखवतात.

सर्वांत महत्त्वाचा बदल कामाच्या वाटणीचा. एका बहिणीने चटण्या करून आणल्या, दुसरीने अळूवड्या. बाजार, पाणी, पाट मांडणे, वाढणे आणि भांडी घासणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी घेतली. आपण स्वतःला कार्यकर्ता म्हणवतो. शिबिरात शंभर जणांना पंगतीत वाढतो, उष्टी उचलतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. मग घरच्या पंगतीत पाटावर बसून 'अजून एक पोळी आणा' असा हुकूम सोडताना ते संस्कार कुठे जातात? समाजात सेवा आणि घरात सेवा करून घेणे, ही विसंगती आपली मुले पाहत असतात.

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 सालीच बंदी आली. पण त्याआधीही केळीचे पान आणि पळसाची पत्रावळ आपल्याकडे होतीच. ती स्वस्त पडते, घासावी लागत नाही आणि मातीत मिसळून जाते. सजावटीसाठी त्या वर्षी आईच्या जुन्या रेशमी साड्या बाहेर काढल्या. पूर्वी आणलेल्या कोणत्याही आराशीहून त्या अधिक शोभल्या.

त्या वर्षी आरतीनंतर काकूंनी पहिल्या पंगतीत गौरींच्या समोरचा पाट वहिनींसाठी मांडला. त्या संकोचल्या, ''अगं, वाढायचे कोण?'' म्हणाल्या. भाऊ तुपाची वाटी घेऊन उभाच होता. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती आणि महालक्ष्मीच्या दिवशी तव्यावरची गरम पोळी त्या प्रथमच खात होत्या. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी स्वतःहून मुखवटे मऊ कापडात गुंडाळले आणि धाकट्या मुलीला ते कसे ठेवायचे, ते समजावून सांगितले. पुढच्या वर्षाचा प्रश्न कुणी विचारला नाही.

कुळाचार पुढे चालावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी पाहुण्या लेकीइतकीच घरच्या लक्ष्मीचीही काळजी वाहावी. यंदा नैवेद्याचे पान वाढण्यापूर्वी एवढेच पाहा, ते रांधणारी जेवायला कितव्या पंगतीत बसणार आहे?