दुरुस्ती फुकट, नवं काम विकत

एकट्यानं किंवा तीन-चार मित्रांनी मिळून बनवलेला एक गेम तुम्ही विकत घेतलात. वर्षभरानं त्यात नव्या पातळ्या आल्या, नवी पात्रं आली. त्यासाठी बनवणाऱ्यानं पुन्हा पैसे मागितले, तर ते बरोबर की चूक? बहुतेक खेळणारे चटकन म्हणतील, चूक. "एकदा पैसे दिले ना, मग आता परत कसले?" माझं मत वेगळं आहे. दुरुस्तीचे पैसे कधीच घेऊ नयेत. नव्या कामाचे जरूर घ्यावेत, लाजू नये. आणि कशाचे पैसे लागतील, कशाचे नाही, हे गेम विकण्याआधी सांगावं.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरता नाही. मी वणीत राहतो, सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. इथली, दिंडोरीची, कळवणची, मालेगावची पोरं-पोरी मोबाइलवर व्हिडिओ बघून गेम बनवायला शिकतायत. कोडिंग जमतं, चित्रं जमतात. अडतं ते घरी. अब्बा विचारतात, "यावर घर चालेल का?" अपडेटचे पैसे घ्यायचे की नाही, या प्रश्नातच अब्बांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

आधी अपडेट म्हणजे काय ते नीट पाहू, कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं लपलेली असतात.

पहिलं काम चुका काढण्याचं. गेम मध्येच बंद पडतो, सेव्ह केलेलं उडून जातं, एखादं दार उघडतच नाही. हे दोष विकणाऱ्याचे आहेत. आपल्याकडे गॅरेजवाला उस्ताद काय करतो? काल केलेलं काम आज परत आलं तर त्याची मजुरी तो पुन्हा घेत नाही. इथेही तसंच असावं.

दुसरं काम गेम चालता ठेवण्याचं. हे खेळणाऱ्याला दिसतही नाही. गुगल दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीनुसार नियम पुढे सरकवतं. गेम त्या नियमात बसवला नाही, तर नव्या फोनवाल्या नव्या ग्राहकाला तो दुकानात दिसेनासा होतो. अॅपलनं २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं तेव्हा जुने ३२ बिटवाले सगळे अॅप त्यावर चालायचे थांबले. बनवणाऱ्यानं काहीही बिघडवलेलं नसताना त्याला पुन्हा कामाला बसावं लागतं.

तिसरं काम म्हणजे खरोखर नवं काही. नवी पातळी, नवी गोष्ट, नवं संगीत. मूळ गेम याशिवायही पूर्णच असतो.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला द्राक्षबाग पुरे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिला फळ येत नाही. ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते, तिचा माल विकला जातो. खरड छाटणीचं बिल कोणी व्यापाऱ्याला वेगळं लावत नाही, पण ती केली नाही तर पुढचा माल हाती लागत नाही. म्हणून तिचा खर्च मालाच्या भावातच धरायचा असतो. गेमची पहिली दोन कामंही अशीच मूळ किमतीत धरायची. तिसरं काम मात्र पुढच्या हंगामाचा माल आहे. गेल्या वर्षी द्राक्षं घेतली म्हणून यंदाची फुकट द्या, असं कोणी शेतकऱ्याला म्हणत नाही.

तरी गेमच्या बाबतीत लोक तसं म्हणतात. २०१४ मध्ये लंडनच्या अस्टू कंपनीनं 'मॉन्युमेंट व्हॅली' हा गेम ३.९९ डॉलरला काढला. लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी आठ नव्या पातळ्यांचा भाग १.९९ डॉलरला आणला. ज्याला नको त्याचा जुना गेम जसाच्या तसा होता. तरीही काही लोकांनी, पैसे मागितले एवढ्याच कारणासाठी, एक तारा देऊन राग काढला. या रागात मला अन्याय दिसतो. मूळ गेम कोणी काढून घेतला नव्हता, कोणावर सक्ती नव्हती. काही महिन्यांच्या नव्या मेहनतीची किंमत मागितली होती, तीही चहा-नाश्त्याएवढी.

आता हिशेब करू. समजा वणीतल्या एखाद्या मुलीनं ९९ रुपयांचा गेम काढला. प्ले स्टोअर छोट्या डेव्हलपरकडून १५ टक्के घेतं. कर बाजूला ठेवला तरी तिच्या हातात ८४ रुपये उरतात. दोन हजार लोकांनी गेम घेतला, आणि नवख्यासाठी ते थोडं नाही, तर १ लाख ६८ हजार रुपये झाले. महिन्याला २५ हजार धरले तर सात महिनेही पुरत नाहीत. त्यात गेम बनवायला गेलेला काळ धरलेलाच नाही. आता ते दोन हजार लोक म्हणतात, दरवर्षी नव्या पातळ्या फुकट हव्यात. पैसे कुठून येणार? फक्त नव्या ग्राहकांकडून. म्हणजे जुन्याला फुकट द्यायचं तर रोज नवा माणूस शोधत राहायचं, आणि नवा माणूस यायचा थांबला की कामही थांबणार. मग गेम अर्धवट पडतो आणि ती मुलगी नाशिकला डेटा एंट्रीची नोकरी शोधते.

यावर लगेच नाव पुढे येतं ते 'स्टारड्यू व्हॅली'चं. एरिक बरोन या एकट्या माणसानं बनवलेला हा गेम २०१६ मध्ये आला. तेव्हापासूनचे सगळे अपडेट फुकट, २०२४ चं मोठं १.६ सुद्धा. यापुढेही कधी पैसे घेणार नाही, असं त्यानं जाहीरपणे शपथेवर सांगितलं आहे. माणूस मोठ्या मनाचा आहे यात शंका नाही. पण त्या गेमच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यानं पाणपोई घालावी, त्याला सवाबही मिळेल. पण ज्याच्याकडे एकच हंडा आहे त्यालाही तोच नियम लावला, तर ते औदार्य उरत नाही, ती जबरदस्ती होते.

दुसरं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं 'राजी' हा गेम बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम जगभर आला. नंतर २०२२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली, त्यात हिंदी आवाजही आले. ज्यांनी गेम आधी घेतला होता त्यांना ती फुकट दिली. मला यात शहाणपण दिसतं. सुधारणा जुन्यालाही मिळाली, हिंदीमुळे नव्या ग्राहकासाठीही दार उघडलं. पण हा त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय होता. फुकट द्यायचा हक्क बनवणाऱ्याचा आहे, तो खेळणाऱ्यानं वसूल करायचा कर नाही.

कुठे फुकट आणि कुठे पैसे, ही रेषा सर्वांत स्वच्छ आखलेली मला 'फॅक्टोरिओ' या चेक प्रजासत्ताकातल्या गेममध्ये दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी काढल्या. २.० ही आवृत्ती, म्हणजे मूळ गेममधल्या सुधारणा, सगळ्या जुन्या ग्राहकांना फुकट. आणि 'स्पेस एज' हा नव्या ग्रहांचा भाग ३५ डॉलरला, म्हणजे मूळ गेमच्याच किमतीला. ज्याला नवे ग्रह नकोत त्याचंही काही बिघडलं नाही, उलट त्याचा जुना गेम सुधारला.

पैसे घेणं योग्य, पण ते कसे घ्यायचे याला अटी आहेत. इथे आपला जुना व्यवहारधर्म कामाला येतो.

पहिली अट वचनाची. "एकदा घ्या, सगळे अपडेट कायम फुकट" असं लिहून गेम विकला असेल, तर विषय संपला. परवडो न परवडो, ते पाळायचं. कुरआनमध्ये करार पाळण्याचा हुकूम आहे आणि त्यात तोट्यातल्या माणसाला सूट दिलेली नाही. म्हणून असं वचन देतानाच विचार करावा. माइनक्राफ्टनं सुरुवातीच्या काळात गेम घेणाऱ्यांना पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट देण्याचं कबूल केलं, पण त्याला तारीख घातली, २० डिसेंबर २०१० पर्यंतच. 'कायम'पेक्षा तारीख बरी. "तीन वर्षं हा गेम नव्या फोनवर चालता ठेवीन" हे साधं वाक्य पाळता येतं.

दुसरी अट अर्धवट मालाची. हल्ली अपुरा गेम आधी विकतात आणि "बाकीचं अपडेटमध्ये येईल" म्हणतात. हे मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मदिनेत लोक खजुराचे पैसे एक-दोन वर्षं आधी देत असत. पैगंबर (स.) यांनी ती रीत बंद केली नाही, पण अट घातली की माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी. फिकहमध्ये यालाच सलम म्हणतात. आमच्या भागात इसार घेऊन-देऊन बागेचे सौदे होतात आणि मुदत पाळली नाही की काय होतं, व्यापारी पळाला की शेतकऱ्याच्या घरी काय अवस्था होते, ते सगळ्यांना माहीत आहे. गेमचंही तेच. काय येणार, किती येणार, कधी येणार हे लिहा. आणि जे देण्याचं आधी कबूल केलं होतं, तेच पुढे 'नवा भाग' म्हणून विकू नका. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा सांगितलेलं बरंच त्यात नव्हतं. त्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षं अपडेट फुकट दिले. लोक त्याला दानशूरपणा म्हणतात. मी त्यातल्या निदान पहिल्या काही अपडेटना कर्जफेड म्हणेन.

तिसरी अट, दिलेलं काढून घेऊ नये. जुनी पातळी मुद्दाम अवघड करायची आणि ती सोपी करण्याचे पैसे मागायचे, ही मापात मारलेली काटछाट आहे.

चौथी अट, नशिबाचा खेळ नको. आत काय आहे ते न सांगता पैसे घेऊन पेटी उघडायला लावणं, याला बेल्जियमनं २०१८ मध्येच जुगार ठरवलं. आपल्या संसदेनं २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. पण साध्या गेमसाठी वर्गणी किंवा एकदाचं प्रवेशशुल्क घ्यायला मोकळीक ठेवली. फी वेगळी आणि डाव वेगळा, हा फरक आपल्याला नवा नाही. जाहिरातींवर गेम फुकट चालवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. जाहिरातीत काय दिसेल हे बऱ्याचदा बनवणाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसतं. सरळ ४९ रुपये मागणं मला त्यापेक्षा स्वच्छ वाटतं.

४९ रुपयेसुद्धा ज्याला जड आहेत त्याचं काय? हा आक्षेप खरा आहे. रिचार्जसाठी पैसे जमवणारी पोरं आपल्याच घरांत आहेत. त्यांच्यासाठीच मूळ गेम पूर्ण असला पाहिजे, तो बंद पडता कामा नये, आणि नवा भाग न घेणाऱ्याला आत सारखं टोमणे मारणाऱ्या पाट्या दिसता कामा नयेत. बनवणाऱ्यानं ईदला, दिवाळीला किंमत उतरवावी. पण गरिबीचं ओझं एकट्या डेव्हलपरच्या खांद्यावर टाकू नये, तोही बहुतेकदा त्याच गल्लीतला असतो.

आता खेळणाऱ्यांशी थोडं. मॉड केलेली एपीके फाइल टेलिग्रामवरून उतरवून "मी फुकटात मिळवला" म्हणून मिरवण्याची आपल्याकडे सवय आहे. 'मॉन्युमेंट व्हॅली'च्याच कंपनीनं २०१५ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की अँड्रॉइडवर टाकलेल्या प्रतींपैकी जेमतेम ५ टक्के विकत घेतलेल्या होत्या. त्यात एकाच माणसाचे दोन-तीन फोन धरले तरी आकडा लाजिरवाणा आहे. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो. कोड लिहिणाऱ्याचा घाम दिसत नाही, एवढंच.

आपल्याच जिल्ह्यात मालेगावच्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता 'मालेगाव के शोले' बनवला. यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांनी तिकीट काढून तो बघितला. आपल्याच गावचा आहे म्हणून फुकट दाखव, असं त्यांनी म्हटलं नाही. पुढचा सिनेमा बनायचा असेल तर या सिनेमाचं तिकीट निघालं पाहिजे, हे त्या प्रेक्षकाला कळत होतं.

म्हणून जी मुलं-मुली गेम बनवतायत त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. गेमच्या पानावर तीन ओळी लिहा: चुका किती काळ फुकट दुरुस्त कराल, गेम किती वर्षं चालता ठेवाल, आणि नव्या भागाला वेगळे पैसे लागतील की नाही. मग ते पाळा. या तीन ओळी वाचून कोणी गेम घेतला नाही, तर तो त्याचा हक्क. ज्यानं घेतला, त्याला वर्षभरानं नव्या पातळीचे पैसे मागताना तुमची मान खाली जायचं काही कारण नाही.