पाहुणा येऊ दे, सातबारा जाऊ नये



नाताळची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची माणसं पोरंबाळं, आजी-आजोबा घेऊन आपल्या किनाऱ्याला येतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट गाडीसकट माणसं आणते. जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सुरू झाला, तेव्हापासून मुंबईची गाडी आणखी लवकर उरण-पेणला टेकते. नागाव, काशीद किंवा मुरूडला दोन रात्री राहायचं, आणि एका सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जंजिरा बेट बघून यायचं, असा बहुतेकांचा बेत असतो.

याच दिवसांत आपल्या वाड्या मात्र ओस असतात. दिवाळी झाली की उचल घेऊन कातकरी माणूस बायको-पोरांसकट वीटभट्टीवर जातो, कोळशाच्या भट्टीवर जातो. पावसाच्या तोंडाला परततो. वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या राहतात. रस्ता एकच, त्यावरून पाहुणा येतो आणि घरचा माणूस बाहेर जातो. या गोष्टीचा जमिनीशी काय संबंध आहे, त्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. फिरायला येणं हा काही गुन्हा नाही. वर्षभर कारखान्यात, ऑफिसात राबणाऱ्याला चार दिवस सुट्टी मिळते, त्यानं पोरांना समुद्र दाखवला तर आपल्या पोटात दुखायचं कारण नाही. आपणही जत्रेला जातोच की. आणि नाताळ हा काही फक्त शहरातून आलेला सण नाही. आपल्या रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज गेले त्याला पावणेतीनशेच्यावर वर्षं झाली, तरी ती माणसं घरात आजही त्यांची पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. नाताळ हा शब्दच मुळात पोर्तुगीज. तेव्हा सणाशी आपलं भांडण नाही, पाहुण्याशीही नाही.

भांडण आहे ते पाहुण्याच्या मागून येणाऱ्या माणसाशी. पहिल्या वर्षी कुटुंब खोली भाड्यानं घेतं. तिसऱ्या वर्षी विचारतं, "इथं एखादा प्लॉट मिळेल का हो?" ते वाक्य दलालाच्या कानावर पडतं. मग दलाल समुद्रावरच्या वाडीत शिरतो, तिथं भाव परवडला नाही की मागं डोंगराकडं सरकतो. आणि डोंगराच्या पायथ्याला कोण राहतं? आपण.

जंजिऱ्यावर गाईड पाहुण्यांना काय सांगतो ते बघा. होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दरवाजा दिसत नाही, कलालबांगडी तोफ केवढी मोठी, चारी बाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही किल्ला घेता आला नाही. हे सगळं खरं. पण दगडी तटाच्या आधीची गोष्ट घाईत राहून जाते. या बेटावर पहिला मेढेकोट, म्हणजे लाकडी ओंडक्यांचा कोट, कोळ्यांनी बांधला होता. राम पाटील त्यांचा नायक. समुद्रातल्या लुटारूंपासून वस्ती राखायला तो कोट होता. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, रात्रीपुरता आसरा मागितला, सोबतची दारूची पिंपं फोडली, आणि कोळी झिंगून पडल्यावर कोट ताब्यात घेतला, असं सांगतात. सरदार कोणत्या धर्माचा होता यात आपल्याला रस नाही. रस आहे तो पद्धतीत. तोफेनं न गेलेला कोट आसरा मागणाऱ्याला आणि दारूला गेला. आपल्याकडं जमिनीचे अंगठे कुठं आणि कोणत्या वेळी घेतले जातात ते तुम्हाला माहीत आहे. जास्त लिहायला नको.

आता कुणी म्हणेल, पर्यटन वाढलं तर आपल्यालाच कामधंदा मिळेल. मिळेल, पण आपोआप नाही. दोन बेटं शेजारी ठेवून बघू.

राजपुरीला पाहुणा जेट्टीवर उतरतो तेव्हा त्याला होडी गावकऱ्याचीच घ्यावी लागते. शीड त्यांचं, सुकाणू त्यांचं, आणि सोसायटी करून त्यांनी भाडं ठरवलं. म्हणून पाहुण्याचा पैसा थोडा तरी गावात पडतो.

दुसरं बेट घारापुरी. तेही आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात. १९८७ साली तिथल्या लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. गेटवेहून रोज बोटी भरून देशोदेशीचे पाहुणे येतात. पण बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांना पक्की वीज कधी मिळाली? २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोवर रात्री काही तास जनरेटर. म्हणजे मान मिळाल्यानंतरही ३१ वर्षं पाहुणे उजेडात लेणी बघून परत गेले आणि गाव अंधारात राहिलं. पाहुणे आले की विकास होतोच असं सांगणाऱ्याला हा हिशोब विचारा.

तेव्हा मुद्दा पाहुणे किती येतात हा नाही. जमीन, पाणी आणि रान कोणाच्या हातात आहे, हा आहे. होडी हातात असेल तर पाहुण्याचा फायदा. जमीन हातातून गेली तर त्याच जमिनीवरच्या बंगल्यात आपण माळी आणि आपली पोरगी भांडीवाली.

हातात काय आहे ते नीट समजून घ्या.

आदिवासीच्या नावचा सातबारा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आहे. जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. विकणं सोडा, गहाण आणि भाडंपट्टाही त्यात येतो. नोटरीचा कागद, विसार पावती, कुलमुखत्यारपत्र यांनी ही अट टळत नाही.

दळीची आणि रानातली कसवणूक असेल तर २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण कसत असू तर ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. जुन्या दळीच्या पट्ट्यांचं रूपांतरही याच कायद्यात येतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसानं पुढं जातो, पण विकता येत नाही. दलालाला हेच नको असतं. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे. फणसाड हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ ला अभयारण्य झालं. म्हणून तिथल्या वाड्यांचा हक्क संपला असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आणखी एक. या कायद्यानं गावाच्या सोयीसाठी रान वळवायला १३ कामं मोजून दिली आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशी. त्यालाही ग्रामसभेची शिफारस लागते, आणि एका कामाला १ हेक्टरहून कमी जागा. त्या यादीत हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही.

पण कायदा ग्रामसभेवर उभा आहे आणि आपली ग्रामसभा भट्टीवर असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या सभा. त्यातल्या पहिल्या दोन सभांना आपण गावात नसतो. नियम म्हणतो, वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. वाडी रिकामी असताना ठराव झाला असं कुणी सांगितलं तर हजेरीचं रजिस्टर मागा.

म्हणून एवढं करा.

१. हे पत्रक भट्टीवर गेलेल्यांपर्यंत पोचवा. ज्याला वाचता येतं त्यानं रात्री खोपीत वाचून दाखवावं.

२. दाव्यांचे ठराव १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभेत, माणसं घरी असताना घ्या. मोजणीची तारीख त्याच हंगामात मागा. दावेदार गैरहजर असताना मोजणी झाली तर लेखी हरकत द्या.

३. दावा नाकारला तर कारणासह लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील करा. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो. वाडीत मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या.

४. वाडी खाजगी मालकाच्या जागेवर असेल तर सावध राहा. भाव वाढला की कुंपण येतं. गावठाणासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज द्या, घरपट्टीच्या पावत्या आणि रेशनकार्ड जपून ठेवा.

५. कोणी दारू पाजून, लग्नाला पैसे देऊन कागद पुढं केला तर अंगठा देऊ नका. आधी समितीला दाखवा.

नाताळचा पाहुणा वाट चुकून वाडीत आला तर त्याला पाणी द्या, वाट दाखवा, खेकडे-भाजी विकायची असेल तर वाजवी भावानं विका. जमिनीचं विचारलं तर सांगा, ही विकायची नाही. आणि जे भट्टीवर आहेत त्यांच्यापैकी दर घरटी एकानं तरी २६ जानेवारीला गावात यायचं. शेठकडून खर्चीबरोबर एक दिवसाची सुट्टी आत्ताच मागून ठेवा.