थंडीचे पाहुणे आणि घरचे पडसे

माळव्यात घराबाहेरच्या छंदांना वर्षाचे बारा महिने मिळत नाहीत, चारच मिळतात. चैत्र-वैशाखात ऊन अंगाची काहिली करते. आषाढ-श्रावणात काळ्या मातीचा चिखल जोड्याचे तळ सोडीत नाही. उरतो तो दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ. याच काळात मैदानावर क्रिकेटचे सामने रंगतात, मांडवगडच्या सहली निघतात, आणि याच काळात उत्तरेकडचे पाणपक्षी इंदूरच्या तलावांवर मुक्कामाला येतात. पण नेमक्या याच काळात घरोघर नाके वाहू लागतात, रात्री खोकल्याची ढास लागते आणि कपाटातली दुर्बीण कपाटातच राहते. पाहुणे दारी येऊन उभे, आणि यजमान अंथरुणात, अशी ही दरवर्षीची गत आहे.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पडसे आठ-दहा दिवसांत उतरते, पण त्यामागचा खोकला कधी कधी तीन आठवडे रेंगाळतो. तीन-साडेतीन महिन्यांच्या हंगामातून तीन आठवडे वजा झाले, तर शिल्लक किती राहिली याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शाळकरी मुलाची एखादी सहल बुडाली तर पुढल्या वर्षी भरून निघेल. पण सत्तरीच्या गृहस्थांचे तसे नाही. एका हिवाळ्यात त्यांना घरात बसवले, की पुढच्या हिवाळ्यात ते आपण होऊनच ‘आता राहू द्या’ म्हणतात, आणि बाहेरच्या जगाशी असलेला त्यांचा एक धागा कायमचा तुटतो. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात.

आपल्या समाजात या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला पंथ शालीचा. ‘गार वारा बाधेल’ हे त्याचे ब्रह्मवाक्य. कार्तिक लागला, की खिडक्या बंद, कानटोप्या बाहेर, आणि मुलांना व म्हाताऱ्यांना ऊन चढेपर्यंत उंबरठा ओलांडण्याची बंदी. दुसरा पंथ मर्दुमकीचा. अंगात ताप असला तरी दोन गोळ्या पोटात टाकून पहाटे पाचला दुचाकीवर बसायचे आणि ‘घाम आला की सगळे निघून जाते’ असे चारचौघांत सांगायचे. माझे स्पष्ट मत असे, की हे दोन्ही पंथ चुकीच्या शत्रूशी लढत आहेत. एक थंडीला भितो, दुसरा थंडीला आव्हान देतो. पण पडसे मुळात थंडीने होत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते.

याचा शोध घेण्यासाठी इंग्लंडात सॉल्झबरी येथे १९४६ साली एक खास संशोधन केंद्र निघाले आणि ते चाळीसहून अधिक वर्षे चालले. तेथे स्वेच्छेने आलेल्या माणसांना ओल्या कपड्यांत वाऱ्याच्या झोतात बसवून पाहिले. बिचारे कुडकुडले खरे, पण तेवढ्याने त्यांना पडसे काही जास्त झाले नाही. पडसे आणणारे विषाणू निरनिराळे आहेत. त्यांतल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या घरात प्रकार आहेत. विषाणू अंगात शिरल्यावाचून नुसत्या गार वाऱ्याने पडसे व्हायचे नाही, हा या साऱ्याचा इत्यर्थ.

तथापि आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ आहे, असेही म्हणता येत नाही. २००५ साली वेल्समधील कार्डिफ येथे नव्वद जणांना वीस मिनिटे गार पाण्यात पाय बुडवून बसवले आणि दुसऱ्या नव्वद जणांना तसेच कोरडे ठेवले. पुढल्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या तेरा जणांनी पडशाची तक्रार केली, दुसऱ्यातल्या पाच जणांनी. २०१५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर प्रयोग करून दाखवले, की शरीराच्या सदतीस अंशांपेक्षा नाकातल्या तेहतीस अंशांच्या गारव्यात पडशाचे विषाणू अधिक सुखाने वाढतात, कारण त्या गारव्यात पेशींचा प्रतिकार मंदावतो. म्हणजे थंडी ही चोर नव्हे. फार तर ती चोराला दाराची कडी काढून देत असावी. पण घरात चोरच नसेल, तर कडी काढून काय होणार?

आणि हा चोर राहतो कोठे? तलावाच्या काठावर नव्हे. तो राहतो बंद खोलीत, लग्नसराईच्या भरगच्च मंगल कार्यालयात, खिडक्या लावून घेतलेल्या वर्गात आणि बसगाडीत. हिवाळ्यात आपण सगळेच दारे लावून एकमेकांच्या श्वासात श्वास मिसळून बसतो. त्यात हवा कोरडी. आणि कोरड्या गार हवेत फ्ल्यूचे विषाणू अधिक पसरतात, हे २००७ साली गिनीपिगवरील प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा शाल-पंथाचे लोक ज्या खोलीला सुरक्षित समजतात, तीच खरी आजाराची वखार असते. त्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून घेतली, तर पडशाहून कितीतरी मोठे, जिवावर बेतणारे संकट आपण घरात आणतो, हे वेगळे सांगायला नको. उलट सिरपूरच्या उघड्या काठावर चार हात अंतराने उभ्या राहिलेल्या धडधाकट माणसाला पडसे लागण्याची भीती त्यामानाने फारच कमी.

मग मर्दुमकी-पंथाचे बरोबर असे समजायचे काय? मुळीच नाही. नाक थोडे वाहते आहे, शिंका येत आहेत, पण ताप नाही, छाती मोकळी आहे, अशा माणसाने सावकाश फिरायला हरकत नाही. परंतु ताप, अंगदुखी, छातीत घरघर किंवा धाप यांपैकी काहीही असेल, तर घरीच पडून राहावे. तापात हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात. त्यात श्रमाची भर घातली, की हृदयावर दुहेरी ओझे पडते. विषाणूने क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, आणि अशा वेळी केलेली धावपळ जिवावर बेतू शकते. तापाच्या गोळीने पारा खाली येतो, आजार जात नाही. गोळी न घेता पुरते चोवीस तास ताप आला नाही, म्हणजे मग बाहेरचा विचार करावा, आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासावर समाधान मानावे. शिर सलामत तर पगडी पचास, असे आपले वाडवडील म्हणत, ते उगाच नव्हे.

शिवाय प्रश्न एकट्याचा नसतो. तापाचा माणूस चौघांच्या मोटारीत काचा लावून बसतो, एकच दुर्बीण सर्वांच्या डोळ्यांना लागते, एकाच डब्यातले पोहे सगळे हाताने खातात. पडशाचे विषाणू हातावरून नाका-डोळ्यांत सहज पोचतात. त्याची हौस एका सकाळची असते, पण पुढले दोन रविवार तो साऱ्या मंडळींचे बुडवतो. अशाला आम्ही उत्साही म्हणत नाही, अविचारी म्हणतो.

याच मंडळींची आणखी एक खोड म्हणजे प्रतिजैविके. पडसे आणि फ्ल्यू हे विषाणूंचे आजार. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तरीही रविवारची सहल चुकू नये म्हणून औषधाच्या दुकानातून आपल्याच मनाने तीन दिवसांचा ‘कोर्स’ आणणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. त्याने पडसे एक दिवसही लवकर जात नाही. मात्र खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू न पडण्याची तयारी होत राहते. फ्ल्यूवर लस आहे. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ती वेळेवर घ्यावी. तिचा गुण येण्यास साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा पक्षी येऊन पोचल्यावर नव्हे, ते येण्यापूर्वी घ्यावी.

आता वेळेविषयी. पक्षी पाहायचे म्हणजे झुंजुमुंजू होण्याआधी निघालेच पाहिजे, असा एक दंडक आपण घालून घेतला आहे. रानातल्या बोलक्या पक्ष्यांना तो लागू असेल. तलावावरच्या बदकांना तो तितकासा लागू नाही. तलवार बदक, थापट्या आणि त्यांचे भाऊबंद पुष्कळसे रात्री चरतात आणि दिवसा उघड्या पाण्यावर थव्याथव्याने विसावतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब शेतांतून चरून सकाळी पाण्यावर परततात. पौष-माघातल्या पहाटे तलावावर धुके असते, त्यात बदक कोणते आणि लव्हाळ्याचा बुंधा कोणता हेही कळत नाही. म्हणजे पाचला उठून कुडकुडत गेलेल्याला जे दिसत नाही, ते नवाला ऊन पाठीवर घेऊन गेलेल्याला स्वच्छ दिसते.

पहाटेच्या हवेची कथाही वेगळी नाही. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खाली बसते, आणि वर उबदार हवेचे झाकण पडते. चुली, शेकोट्या आणि मोटारी यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. ऊन चढले, की झाकण उघडते. दमेकऱ्याला आणि हृदयविकाराच्या माणसाला या दोन-तीन तासांचा फरक फार मोठा असतो. रस्ते झाडून लख्ख झाले तरी पहाटेचा धूर झाडूने निघत नाही. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा आपल्या लेखनातला लाडका शब्दप्रयोग शहराच्या हिवाळ्यात तरी तपासून घ्यावा लागेल.

हे सारे इंदूरकरांना सांगण्यास एक विशेष कारण आहे. होळकरशाहीने शहराच्या पाण्याची सोय म्हणून राखलेला सिरपूरचा तलाव आणि हातोदजवळचा यशवंतसागर, हे दोन्ही २०२२ साली रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. पाणी साठवायला केलेली संस्थानी कामे आज पक्ष्यांची आश्रयस्थाने ठरली आहेत. अशा जागांची किंमत ठरते ती नोंदींवरून. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे, आणि ती मुख्यतः हौशी माणसांच्या डोळ्यांवर चालते. जानेवारी म्हणजे खोकल्याचाही ऐन हंगाम. मोजणारे चार जण अंथरुणात पडले, तर त्या वर्षीचे आकडे घटतात. आणि पुढे ते पाहणाऱ्याला वाटते, की पक्षीच घटले. एका माणसाचे पडसे असे थेट तलावाच्या इतिहासात जाऊन बसते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पक्षिमित्रांच्या प्रत्येक टोळीने जानेवारीसाठी दुप्पट माणसे शिकवून ठेवावीत, म्हणजे आजारी माणसाला ‘मी गेलो नाही तर मोजणी अडेल’ या धाकाने उठावे लागणार नाही. दुसरी, वृद्धांसाठी सकाळी नऊनंतरच्या, बसून पाहण्याच्या सहली ठेवाव्यात. त्यांना घरात कोंडण्यापेक्षा उन्हात बाकावर बसवणे अधिक आरोग्याचे. आणि तिसरी, ताप असलेल्याला परत पाठवताना कोणी भीड बाळगू नये, आणि परत जाणाऱ्याने रागावू नये.

राहिला प्रश्न, घरी पडलेल्याने करावे काय. त्यालाही सृष्टीने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. हिवाळ्यात माळव्याच्या अंगणा-परसात थिरथिरा येतो. शेपटी सतत थरथरवणारा, काळसर अंगाचा, तांबूस पोटाचा हा लहानसा पक्षी कुंपणावर, पाण्याच्या टाकीवर, गच्चीच्या कठड्यावर बसतो. परीट नळाच्या ओलीवर शेपूट हलवीत फिरतो. दोघेही हिवाळ्याचेच पाहुणे, दूरदेशींहून आलेले. खिडकी थोडी उघडी ठेवावी, सुंठीचा काढा हाताशी घ्यावा, आणि उशीशी एक वही असावी. त्या वहीत तारीख, वेळ आणि पक्ष्याचे नाव लिहिले, की तीही नोंदच. तलावावरच्या पाहुण्यांचा मुक्काम फाल्गुनापर्यंत आहे. ताप त्याच्या आधी उतरेल.