धोक्याची घंटा आहे. पण ती वाजते का?

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने आले की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत एका कागदाची धावपळ सुरू होते. परवानाधारक संस्थेला दूरध्वनी जातो, तिचा माणूस इमारतीत फेरी मारतो आणि आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र अग्निशमन दलाकडे रवाना होते. सचिव सुटकेचा नि:श्वास टाकतात. मात्र त्या फेरीत किती रहिवाशांच्या कानांवर धोक्याच्या घंटेचा आवाज पडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. खरे तर सारा प्रश्न तेवढाच आहे.

तो न विचारल्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे हाँगकाँगने अलीकडेच दाखवून दिले. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथील ताय पो भागातील वांग फुक कोर्ट या आठ टोलेजंग इमारतींच्या वसाहतीत आग लागली आणि दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला. दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांच्या, त्यावरील जाळ्या आणि खिडक्यांवर लावलेला फोम यांनी आग पसरवली. पण त्याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आली. आठही इमारतींत आगीची सूचना देणारी यंत्रणा होती आणि ती नीट काम करीत नव्हती, असे तेथील अग्निशमन विभागानेच जाहीर केले. यंत्रणा नव्हती असे नाही; ती मुकी होती.

मुंबईला हे नवे नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमधील आगीत चौघांचा मृत्यू झाला. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा बंद असल्याचे तेव्हा अग्निशमन दलाने सांगितले होते. धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला शिकवले ते एका दहा वर्षांच्या मुलीने. ते ज्ञान तिला शाळेत मिळाले होते. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावरील दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत वाशीतील एका निवासी इमारतीत मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीने चार बळी घेतले. चेंबूर असो वा वाशी, वेळ गाढ झोपेची होती.

झोपेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. घराच्या आगीत माणसे बहुधा ज्वाळांनी नव्हे, तर धुराने दगावतात. जळणारा फोम, प्लास्टिक आणि कृत्रिम धागे यांतून कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात आणि जाग येण्याआधीच शुद्ध हरपते. जळका वास आला की जाग येईलच, हा समज खोटा आहे; झोपेत नाक पहारा देत नाही. कान मात्र देतो. स्मोक अलार्मचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या आकडेवारीनुसार, घरांच्या आगीत होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास तीन मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा असूनही न चालणाऱ्या घरांत होतात.

कायदा काय सांगतो?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ याबाबत स्पष्ट आहे. यंत्रणा बसविण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. वर्षातून दोनदा देखभालीचे प्रमाणपत्र देणे त्याला बंधनकारक आहे. त्रुटी दूर न केल्यास नोटीस बजावण्याचे आणि इमारतीचे पाणी व वीज तोडण्याचे अधिकारही कायद्याने दिले आहेत. यंत्रणेची मांडणी आणि देखभाल कशी असावी, हे सांगणारे ‘आयएस २१८९’ हे भारतीय मानकही आहे. तेव्हा नियमांचा दुष्काळ नाही.

अडचण अशी, की प्रमाणपत्र एका दिवसाच्या स्थितीविषयी बोलते आणि आग उरलेल्या दिवसांपैकी केव्हाही लागू शकते. स्मोक डिटेक्टरमध्ये प्रकाशाचा किरण असलेला एक छोटा कप्पा असतो. त्यात धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि संदेश जातो. त्याच कप्प्यात धूळ, कोळिष्टके किंवा झुरळाचे पिल्लू शिरले तरी तसेच घडते. म्हणजे देखभाल झाली नाही, तर यंत्र आधी कारण नसताना वाजू लागते. तीन-चार वेळा असे घडले की रहिवासी वैतागतात आणि पहारेकरी तळमजल्यावरील पॅनेलवर आवाज बंद करण्याचे बटण दाबून मोकळा होतो. पुढे बिघाड दाखविणारा दिवा महिनोन्महिने तसाच लुकलुकत राहतो. लांडगा आला रे आला या गोष्टीत निदान गावकरी हाक ऐकत तरी होते. येथे हाकेचाच गळा दाबला जातो.

घराच्या आतील सजावटीचे काम हे दुसरे निमित्त. रंगकाम करताना डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली जाते आणि काम संपल्यावर ती सोडायची राहून जाते. कधी नवे फॉल्स सीलिंग बसते आणि डिटेक्टर त्याच्या वर, अंधारात राहतो. संस्थेच्या नोंदवहीत मात्र त्या सदनिकेसमोर ‘बसविले आहे’ अशी खूण असते.

उंबरठ्याच्या आत कोण?

खरा पेच उंबरठ्याच्या आत आहे. इमारतीची उंची आणि वापर यांवर यंत्रणेची सक्ती ठरते. त्यामुळे जुन्या चाळी, तीन-चार मजल्यांच्या इमारती, दुकानावरची घरे आणि झोपडपट्ट्या यांतील लाखो घरांत धुराची सूचना देणारे काहीच नसते. चेंबूरची आग अशाच घरातली होती. उंच इमारतींतही दार बंद झाले की संस्थेचा अधिकार संपतो आणि रहिवाशाची काळजी सुरू व्हावी, ती होत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराच्या प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म बसविणे आणि नवा भाडेकरू राहायला येईल त्या दिवशी तो चालतो की नाही हे तपासणे, ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडील भाडेकरारात पंखे आणि गिझर यांची मोजदाद असते. अलार्मचा उल्लेखही नसतो.

बॅटरीवर चालणारा स्वतंत्र अलार्म घेणे मध्यमवर्गीय कुटुंबाला अशक्य नाही. पण घेण्याइतकेच तो जिवंत ठेवणेही आवश्यक आहे आणि त्याला तंत्रज्ञ लागत नाही. महिन्यातून एकदा त्यावरील चाचणीचे बटण दाबावे. झोपण्याच्या खोलीचे दार लावून, पंखा सुरू ठेवून आवाज आत ऐकू येतो का, हे दुसऱ्याने पाहावे. अधूनमधून ‘टिक’ असा बारीक आवाज येऊ लागला, तर बॅटरी संपत आली असे समजावे. ती काढून ठेवून देऊ नये, बदलावी. बाहेरील धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढावी. मागच्या बाजूस उत्पादनाची तारीख असते. तिला दहा वर्षे झाली की यंत्रच बदलावे, कारण नवी बॅटरी जुन्या डोळ्यांना दृष्टी देत नाही.

फोडणी आणि उदबत्ती या आपल्या घरांच्या रोजच्या गोष्टी आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरात किंवा देवघराच्या अगदी वर स्मोक अलार्म लावणे म्हणजे तो बंद पाडण्याची तयारी करण्यासारखे आहे. त्याची जागा झोपण्याच्या खोल्यांबाहेरील छतावर. स्वयंपाकघरासाठी धुराऐवजी उष्णतेवर चालणारा डिटेक्टर योग्य.

इमारतीच्या पातळीवरही उपाय खर्चाचा नाही. प्रमाणपत्र घेण्याच्या दिवशी वेळ जाहीर करून घंटा प्रत्यक्ष वाजवावी, कोणत्या मजल्यावर ती ऐकू आली नाही याची नोंद करावी आणि ती नोंद सूचना फलकावर लावावी. वार्षिक सर्वसाधारण सभेत वाहनतळाच्या वादावर तासन् तास खर्ची पडतात. पॅनेलवरचा बिघाडाचा दिवा किती दिवसांपासून पेटलेला आहे, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात.

अग्निशमन दलाकडे मनुष्यबळ मर्यादित आहे. प्रत्येक सदनिकेचे छत ते तपासू शकणार नाही. ‘ब’ नमुन्याचा कागद फाइलमध्ये असणे ही कायद्याची गरज आहे. मध्यरात्री धूर दाराखालून आत येईल, तेव्हा मात्र फाइल कोणाला उठवणार नाही.