प्लेगचा जंतू आणि आपले भय

बडोद्यापासून अवघ्या दोन-तीन कोसांवर उंढेरा हे गाव आहे. सन १८९८ च्या फेब्रुवारीत, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राजवटीत, हाफकिनसाहेबांनी तेथे घरोघरच्या निम्म्या माणसांस प्लेगची लस टोचली. निम्म्यांस टोचली नाही. पुढे ज्या कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील लस न घेतलेल्या ६४ माणसांपैकी २६ दगावली. लस घेतलेल्या ७१ पैकी अवघी ३. एवढा पुरावा समोर असूनही जंतू शरीरात शिरून नेमके काय करतो, हे मात्र खुद्द हाफकिनसाहेबांसही ठाऊक नव्हते.

आज ते ठाऊक आहे; पण आपल्या घरांतून अजूनही "जंतूंमुळे रोग होतो" एवढ्या वाक्यावर विषय संपतो. सावित्रीबाई फुले १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हे आपण आदराने वाचतो. त्यांस मारणारा शत्रू लढतो कसा, हे विचारीत नाही. आमच्या मते ते विचारलेच पाहिजे.

हा जंतू पिसवेच्या अंगात असतो तेव्हा त्याची शस्त्रे म्यानात असतात. पिसू माणसास चावली, जंतूस ३७ अंशांची ऊब मिळाली, की तो आपल्या अंगावर अतिसूक्ष्म पोकळ सुया उभारू लागतो. आपल्या शरीरातील पांढऱ्या पेशी त्याला गिळावयास येतात. सुई अशा पेशीस भिडताच तिच्या वाटेने विषारी प्रथिने थेट पेशीच्या आत उतरतात. एक प्रथिन पेशीचा आतील सांगाडा ढासळविते, म्हणून तिला गिळताच येत नाही. दुसरे तिची मदतीची हाक बंद पाडते. पहारेकऱ्याचे हातपाय बांधून तोंडात बोळा कोंबावा, तसाच हा प्रकार! मग जंतू निर्धास्तपणे वाढतो.

ही प्रथिने जिवंत पेशीत शिरतात, हे युरोपातील शास्त्रज्ञांनी प्लेगच्या भाऊबंद जंतूंवर प्रयोग करून १९९४ साली दाखविले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग उद्भवला. देशात सुमारे पन्नास माणसे दगावली, पण भयाने सुरत सोडणारे लाखोंनी होते. त्यांतील बडोद्याकडे निघालेल्यांच्या गाड्या आपल्या मियागाम-करजण स्थानकावरूनच गेल्या. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले, कारण धडधाकट माणसांनीही ते घरात साठविले. वस्तुतः हे औषध जंतूचे प्रथिने बनविण्याचे कामच थांबविते. मग सुईतून सोडावयास त्याजपाशी काही उरत नाही. अर्थात ते वेळेवर, रोग्याच्या व त्याच्या निकट वावरलेल्यांच्या पोटात गेले पाहिजे. दूरच्या निरोग्याच्या कपाटात त्याचा काय उपयोग?

हे सारे कॉलेजातील ज्ञान, शाळेतील मुलांस कशाला, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. सुई आणि पहारेकरी ज्यास कळतात, त्यास हे कळण्यास अडचण ती कोणती? आणि उद्या गावात साथीची आवई उठली, तर गाठोडे बांधावे की दवाखाना गाठावा, हे घरात सांगणारे कोणी तरी हवे.

आमची एक लहानशी सूचना आहे. सहली पावागडास जातात, त्या जरूर जाव्यात; पण एक वर्ष विज्ञानाच्या गुरुजींसह उंढेऱ्यास जावे.